मोरे सरांचे आगाऊ आभार

आमच्या कॉलनीत चार डोकी जमली की मोरे सरांचा विषय निघतोच. एक किस्सा सांगून होतो न होतो, तोच दुसऱ्याला त्याहून भारी आठवतो. म्हटलं, आता लिहूनच काढू. तर पहिल्याच किश्श्यात बकरा मी!

सर पिशोरच्या शाळेतून रिटायर होऊन इथं राहायला आले आणि महिन्याभरात कॉलनीच्या रिकाम्या खोलीत त्यांनी वाचनालय उघडलं. कुणाला काम सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. ते फक्त दाराबाहेरच्या फळ्यावर आभार मानतात, तेही काम व्हायच्या आधी. एका गुरुवारी मी वाचलं, "रविवारी वाचनालयाला रंग दिल्याबद्दल श्री. जोशी यांचे आभार." मी धावत गेलो आणि विचारलं, सर, मी कुठं रंग दिलाय?

"रविवारला लई टाइम हाय अजून," सर म्हणाले.

तोवर दोन शेजाऱ्यांनी माझं अभिनंदनही केलं होतं. रविवारी मी शिडीवर होतो.

*

शेजारच्या वकीलसाहेबांनी बजावलं, माझं नाव आलं तर नोटीस पाठवीन. दुसऱ्याच दिवशी कपाट दिल्याबद्दल त्यांचे आभार झळकले. ते कोर्टातून येईपर्यंत वहिनींनी फळा वाचून कपाट पाठवूनही दिलं होतं, आतल्या फायलींसकट! आता वकीलसाहेब रोज संध्याकाळी वाचनालयात फायली चाळत बसतात. रजिस्टरमध्ये सरांनी त्यांची नोंद 'नियमित वाचक' अशी केली आहे.

*

एकदा औरंगपुऱ्याच्या बाजारात स्कूटर थांबवून सरांनी रस्त्यातल्या एका गृहस्थांचा हात हातात घेतला. "वकीलसाहेब, कपाटाचे लई उपकार झाले बघा."

खरे वकीलसाहेब सरांच्याच स्कूटरवर मागं बसले होते; सरांनी त्यांना मी समजून बसवून घेतलं होतं. ते गुपचूप उतरले आणि रिक्षानं घरी आले.

*

तेव्हा आमच्या ध्यानात आलं. पूर्वी फळ्यावर सहा नावं मावायची, आता अक्षरं एवढी मोठी, की एकाच नावानं फळा भरत होता. सरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं काढलं की सर म्हणायचे, आधी वाचनालयाच्या छताचं काम होऊ द्या, मग दारातली झाडं जगू द्या.

दर शनिवारी ते मुलांना गोष्ट वाचून दाखवतात. एका शनिवारी पाहिलं तर पुस्तक उलटं धरलेलं आणि गोष्ट जोरात चालू. एकाही मुलानं त्यांना सांगितलं नाही. त्या दिवशी मी हट्टच धरला, तेव्हा सर हळूच म्हणाले, "जोशी, भ्याव वाटतंय हो. हाय ती नजरबी गेली तर?"

मी हे काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर काकूंची टपोरी अक्षरं होती: "सोमवारी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतल्याबद्दल श्री. मोरे यांचे आभार."

सर फळ्याला नाक लावून एकेक अक्षर वाचत राहिले. वकीलसाहेबांनी पुढं होऊन त्यांचा हात हातात घेतला आणि अभिनंदन केलं.

मग सरांनी खडू मागितला आणि चाचपडत खाली लिहिलं:

"सोबत गेल्याबद्दल श्री. जोशी यांचे आभार."