खंडेनवमीचा नारळ

खंडेनवमीला आरोप, दसऱ्यानंतरच्या सोमवारी निलंबन, दिवाळीच्या तोंडावर बडतर्फी. जबाबदार: आमच्या सातपूरच्या कारखान्याचे व्यवस्थापक, कामगार अधिकारी आणि गप्प बसलेले युनियनचे सरचिटणीस.

ज्याच्यावर हे गुदरले, तो माझ्या शेजारच्या लेथवरचा टर्नर. बौद्ध. शर्टाचे गळ्याजवळचे बटणही लावणारा, आपल्या यंत्राला दुसऱ्याचे फडके लागू न देणारा आणि नकार देण्यापूर्वी नेहमी हसणारा.

त्या दिवशी यंत्रपूजेच्या वेळी फोरमनने त्याच्या हाती नारळ ठेवला. "फोड रे, नाटकं नकोत."

तो हसला. "नाय सायेब, मी दीक्षा घेतलीय. तुमीच फोडा."

"मग पेढाही नको असेल!"

"पेढा कुठं सोडलाय? दोन द्या की."

फोरमन सोडून सगळे हसले. पूजा आटोपल्यावर कोणी घसरू नये म्हणून करवंटीचे तुकडे आणि सांडलेले पाणी त्यानेच झाडून काढले.

आमच्या वेतनकराराचे कलम स्पष्ट आहे: कोणत्याही कामगारावर धार्मिक विधीची सक्ती होणार नाही. व्यवस्थापन म्हणते, यंत्रपूजा हा धार्मिक विधी नव्हे, ती कारखान्याची परंपरा आहे. सबब कलम लागू होत नाही. आरोपपत्रात मात्र लिहिले आहे: सहकाऱ्यांच्या धार्मिक भावना दुखावल्या.

ती परंपरा असेल, तर धार्मिक भावना दुखावल्या कशा? तो धर्म असेल, तर सक्ती केली कशी? या करारावर सरचिटणीसांची सही आहे. त्यांनी पाळी सुटताना गेटवर उभे राहून सर्वांसमोर उत्तर द्यावे. त्याच्या घरी जाऊन त्याची समजूत घालू नये. त्याला सगळे समजले आहे.