कडेने चाललेली पांढरी गाडी

वडील भातसा धरणावर सरकारी जीप चालवायचे, म्हणून आम्ही भातसानगरच्या वसाहतीत राहत होतो. अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली तेव्हा मी शहापुरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो आणि उरलेल्या वेळात इंटरनेटवर गाड्यांची शर्यत खेळत होतो. कुठकुठल्या देशांतली माणसं एकाच ट्रॅकवर उतरायची. कुणी त्याला नुसता 'गेम' म्हटलं की माझं डोकं फिरायचं. टायरमधली हवा, स्प्रिंगचा कडकपणा, पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी, सगळं आपणच ठरवायचं. त्या जुळणीला आम्ही सेटअप म्हणायचो.

एक जुनं स्टिअरिंग व्हील आणून मी घरच्या टेबलाला आवळलं, तेव्हापासून वडील माझ्या मागे खुर्ची टाकून बसू लागले. एकदा म्हणाले, "वळणावर नाक खुपसते रे ती. पुढचा ब्रेक जास्त धरतोय. थोडा मागं दे."

मला हसू आलं. जन्मभर जीप चालवलेला माणूस मला रेसिंग शिकवणार! गंमत म्हणून बदल करून पाहिला, तर माझी फेरी चक्क दीड सेकंद आधी संपली. तो सेटअप मी पुढे कधीच बदलला नाही. पेनड्राइव्हवर घालून खिशात बाळगायचो.

मग त्यांच्यासाठी वेगळा केला. क्लच आणि गिअर आपोआप, व्हील एका हाताने वळेल इतकं हलकं. "क्लच नाय ती कसली गाडी," म्हणून कुरकुरले, पण बसले. नवख्यांना मिळते ती साधी पांढरी गाडी घेऊन ते ट्रॅकवर एकटेच फिरायचे. समोर चिटपाखरू नसलं तरी वळणाआधी हॉर्न द्यायचे.

त्यांचा एकच हट्ट होता. "एकदा सगळ्यांसंगती चालवू दे ना."

"रविवारी," मी म्हणायचो. असे बरेच रविवार गेले. खरं सांगायचं तर मला त्यांची लाज वाटत होती. हळू गाडीला तिथे शिव्या बसतात हे मला ठाऊक होतं, कारण देणाऱ्यांत मीही असायचो.

एका दुपारी क्लास रिकामा होता. तिथल्याच कॉम्प्युटरवर मी माझा सेटअप चढवला आणि शर्यतीत उतरलो. माझी लाल गाडी पहिली होती. पुढे एक फेरी मागे पडलेली पांढरी गाडी रमतगमत चालली होती. नावाच्या जागी नुसतं 'प्लेअर'. मी मागून लाइट मारले. ती लगेच कडेला झाली, तरी त्या वळणावर माझा वेग पडायचा तो पडलाच. मी भडकलो. कुणाला बाहेर काढायचं असेल तर तिथे मतदान घेता यायचं. पहिलं मत मी दिलं. बाकीच्यांनी पटापट दिली आणि ती गाडी नाहीशी झाली. शर्यत मी जिंकलो.

संध्याकाळी घरी आलो तर बहीण दारातच म्हणाली, "दादा, आज बाबांना मी जोडून दिलं. सगळ्यांसंगती चालवली त्यांनी."

वडील खाटेवर बसले होते. "मला काढलं रे," ते म्हणाले. "मी कडेनंच चालवत होतो."

तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही. त्यानंतर ते व्हीलला कधीच बसले नाहीत. आग्रह केला की म्हणायचे, "नको, लोकांना अडचण होते." दोन वर्षांनी ते गेले. मी शेवटपर्यंत त्यांना सांगितलं नाही.

त्यांना काढलं त्या संध्याकाळी बहिणीने बाबांना चहा आणून दिला. दोन घोट घेतल्यावर त्यांचा चेहरा जरा खुलला.

"एक लाल गाडी होती बघ," ते म्हणाले. "मागनं लाइट मारला, मी साइड दिली. काय चालवतो तो! एवढा ब्रेक दाबला, पण वळणावर नाक नाय खुपसलं. कुणीतरी मायेनं लावून दिली असंल त्याला."