आबांचे फोड आणि डेअरीचा कट्टा

आमच्या घरात आजारी माणूस एक आणि डॉक्टर सतरा! असल्या घरात किस्से शोधावे लागत नाहीत, आपोआप साठतात. सणसवाडीच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत माझ्या मैत्रिणी डबा उघडायच्या आधी विचारतात, "आबांचं काय झालं गं पुढं?"

आबा म्हणजे माझे आजोबा. पंचाहत्तरीचे, शुगर जुनी. मी म्हणजे शिरूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून पॅकिंगला लागलेली. त्यामुळं वडगाव रासाईच्या आमच्या घरात माझ्या मताला किंमत शून्य.

*

सुरुवात खाजेनं झाली. आबा मांड्या, पोट, पाठ खाजवून लाल करायचे. माझे चुलते आप्पा सोसायटीचे संचालक. त्यांनी बसल्या जागी निदान केलं, "वहिनीनं साबण बदललाय."

आईनं बिचारीनं महिनाभरात पाच साबण आणले. खाज तशीच.

आप्पा म्हणाले, "म्हंजी पयलाच बरा व्हता!"

*

मग फोड आले. द्राक्षाएवढे, ताठ, पाण्यानं भरलेले. आप्पांनी नागीण उतरवणारे एक मामा आणले. मामांनी गेरू कालवला, काडीनं फोडांभोवती रेघ ओढली आणि दम भरला, "नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं का माणूस संपला!"

मी विचारलं, "मामा, हिचं तोंड कुठंय?"

मामांनी पोट पाहिलं, मांड्या पाहिल्या, दंड पाहिले. म्हणाले, "एक न्हाई ही. पाच-सा असत्याल."

आबांनी वाटीत डोकावून विचारलं, "मग गेरू पुरंल का?"

*

भावकीत बोभाटा झाला, आजार लागट हाय! आप्पांनी आबांचा कप आणि ताट वेगळं काढलं. ज्या माणसानं ह्यांना खांद्यावर घेऊन वाढवलं, त्याचा कप गोठ्याच्या कोनाड्यात! माझं टाळकं सरकलं. पाहुणे बसलेले असताना मी आबांच्या हातातला कप घेतला आणि सगळ्यांसमोर तोंडाला लावला.

आप्पा ओरडले, "डोकं फिरलंय का हिचं?"

आबा म्हणाले, "फिरू दे. पण अर्धा तरी ठेवायचा व्हता!"

*

शेवटी मीच आबांना स्कूटीवर बसवून शिरूरला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. मागून आप्पा मोटरसायकलवर हजर. पोरगी एकटी गेली तर संचालकांना कमीपणा ना!

बाईंनी विचारलं, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

आप्पा पुढं सरसावले. "सकाळची पांढरी, जेवल्यावर पिवळी, आन् एक बारकी."

"नावं सांगा."

"रंग सांगितला की, म्याडम!"

मी गोळ्यांची अख्खी पिशवीच टेबलावर ठेवली. बाईंनी एक स्ट्रिप बाजूला काढली आणि कातडीचा छोटा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर नीट समजावलं. ह्या आजारात शरीर आपल्याच कातडीवर उलटतं. वरचा थर खालच्यापासून सुटतो, मध्ये पाणी भरतं. शुगरच्या ह्या गोळीनं काही म्हाताऱ्या माणसांना असं होतं, सगळ्यांना नाही. आणि लागट? अजिबात नाही! बाईंनी ती गोळी बंद केली, शुगरसाठी दुसरी दिली, मलम दिलं आणि बजावलं, "ती गोळी पुन्हा पोटात जाता कामा नये. फुटलेल्या फोडांतून जंतू शिरले तर ह्या वयात जिवावर बेतेल."

बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले, "गोळीनं कुठं कातडं सुटतं व्हय? कॉलेज सोडलेलीच्या नादी लागलो आपण."

मी म्हणाले, "आप्पा, कॉलेज मी सोडलंय. बाईंनी नाही!"

*

पंधरा दिवसांत फोड वाळायला लागले. आणि एका आठवड्यात पुन्हा नवे! बाई म्हणाल्या, "ती गोळी कुठून तरी चालू आहे." घरातली पिशवी उलटीपालटी केली, तर सगळ्या नव्याच गोळ्या. मी ठरवलं, शोधल्याशिवाय कामावर जायचं नाही. खाडा तर खाडा! सकाळी आबांच्या मागोमाग दूध डेअरीच्या कट्ट्यावर गेले.

तिथं काय बघावं! दूध घालून झालं की चार म्हातारे चहा घेतात आणि तंबाखू द्यावी तशा एकमेकांना गोळ्या देतात. आबांचे दोस्त तात्या सांगत होते, "त्या बाईची गोळी मिळमिळीत. ही माझी घे, जोरदार हाय." आबांनी नवी गोळी तात्यांना दिली आणि तात्यांची तोंडात टाकली!

मी स्ट्रिप ओढून घेतली. कंपनी वेगळी, रंग वेगळा, मागं बारीक अक्षरात औषध मात्र तेच.

"तात्या, ह्यानंच आबांचं कातडं सुटतंय! तुम्ही दोस्त का वैरी?"

तात्यांनी स्ट्रिप हिसकावली. "नाव येगळं, रंग येगळा, आन् औषध तेच? येडे समजती का आमाला?"

आबा कसनुसे झाले. "चारचौघांत लाज काढलीस माझी."

मी म्हणाले, "काढणार. रोज येऊन काढणार!"

*

आणि रोज गेले. कंपनीत भांडून दुसरी शिफ्ट घेतली. आबांनी गोळी माझ्यासमोर घ्यायची आणि जीभ दाखवायची. आठ दिवस आबा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. नका बोलू! हळूहळू नवे फोड यायचे थांबले.

परवा कट्ट्यावर तात्यांनी आबांना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सोपाना, नातीनं लईच धाकात ठेवलंय की तुला! आजार तर काय दिसंना आमाला."

आबांनी चहा खाली ठेवला. एकेक बटण सोडून सदरा काढला, बंडीही काढली. भर डेअरीत, दूध घालणाऱ्या बायाबापड्यांसमोर, माझा आजा उघडा बसला. पाठ, पोट, दंड, सगळीकडं काळे-गुलाबी डाग. कॅन ओतणाऱ्यांचे हात थांबले.

आबा म्हणाले, "बघ. तुझी जोरदार गोळी."

तात्यांनी खिशातून स्ट्रिप काढली. उलटी केली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. मग माझ्यापुढं केली.

"वाच गं पोरी. मोठ्यानं वाच."