कुंपणातली फट

काल बोईसरच्या रस्त्यावर गवतानं भरलेला टेम्पो शेजारून गेला आणि त्या सुक्या, गोडसर वासानं मला थेट सरावलीच्या माळावर, तारेत अडकलेल्या अवस्थेत नेऊन उभं केलं.

कॉलनीमागचा तो माळ वाचवायचं खूळ माझंच. लोक तिथे कचरा टाकत, मोटरसायकली उडवत. मी परवानगी काढून कमरेएवढं तारेचं कुंपण घातलं, 'आत येण्यास मनाई' अशी पाटी लावली आणि दुसऱ्याच सकाळी रुबाबात ते ओलांडायला गेलो. पँट अडकली. एक पाय आत, एक बाहेर.

तेवढ्यात पाड्यावरच्या जानकीमावशी विळा घेऊन आल्या. त्यांच्या म्हशींचा चारा याच माळावरचा.

"मावशी, जरा सोडवा."

"आत यायला मनाई हाय ना, भाऊ?" म्हणत त्या पाटीखाली ऐसपैस बसल्या. "म्हशींना काय पाटी खायला घालू?"

"पण सगळ्यांना सोडलं तर गाड्या येतील हो!"

"मी काय गाडीवर येते?"

शेवटी तिथूनच कबूल केलं, "माणसापुरती फट ठेवतो."

"पुरंल. भारा डोक्यावर असतो, तारेच्या वर."

मग त्यांनी विळ्यानं पँट कापली, तार नाही.

तेव्हा वाटलं होतं, मी मोठ्या मनानं त्यांना वाट दिली. आज वाटतं, त्यांच्या वाटेवर मीच उशिरा आलो. गवत अजून उभं राहतं, गाड्या अडतात. आणि त्या फटीत अडतं माझं पोट. मागे भारा घेऊन थांबलेली मावशींची सून म्हणते, "काका, पोट आत घ्या, म्हशी वाट बघतात."