आमचे अध्यक्ष आणि राहिलेले आभार

आमचे अध्यक्ष खिशातून घडी घातलेला कागद काढू लागले, की टेक्सासमधल्या प्लेनोतली मराठी मंडळी खुर्चीत सावरून बसायची. "दोनच शब्द बोलतो," म्हणून ते घसा खाकरायचे. ते दोन शब्द कधी वीस मिनिटांत आटोपले, तर आम्ही त्यांच्या तब्येतीची चौकशी करायचो. तुमच्याही मंडळात असा एक माणूस असेलच. नसेल, तर तो तुम्हीच.

नव्वदच्या दशकातल्या एका ऑक्टोबरात आम्ही तीन आर.व्ही. घेऊन, म्हणजे ओट्या-संडासासकट चालणारी तीन घरं घेऊन, न्यू मेक्सिकोला निघालो. आधी एका प्वेब्लो गावातला, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्तीतला, सणाचा नाच, मग अल्बुकर्कीला माणसं घेऊन उडणाऱ्या बलूनचा मेळा. अध्यक्षांनी कार्यक्रमपत्रिका छापली होती: प्रस्थान, गॅस, चहापान, आभार. गॅस स्टेशनवरच्या बाईंचेही त्यांनी रीतसर आभार मानले. मागे ट्रकवाल्यांची रांग लागली होती.

त्यांचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. बलूनमध्ये त्यांनी दोन जागा ठेवल्या होत्या, स्वतःसाठी आणि मुलीसाठी. ती इथेच जन्मलेली, नुकतीच कॉलेजात गेलेली, सहलीपुरती आमच्याबरोबर आलेली. फोनवर आईशी तासभर बोलायची, वडिलांनी घेतला की "ओके बाबा, बाय." "आकाशात तरी ती उठून जाणार नाही," ते मला हळूच म्हणाले. मी हसलो. हसायला नको होतं.

गावात शिरतानाच आम्हाला सांगितलं होतं की फोटो नाहीत, टाळ्या नाहीत. ही प्रार्थना आहे. अध्यक्षांनी सगळ्यांचे कॅमेरे गोळा करून गाडीत कुलपात ठेवले. नाच रंगला. मग ढोल थांबला, नाचणारे निघाले आणि कोणी काहीच बोलेना. कार्यक्रम संपला आणि आभार नाहीत! हे काही त्यांना सोसवेना. पिशवीतून शाल आणि नारळ काढून ते थेट चौकात उतरले, म्हाताऱ्या ढोलवाल्याच्या दिशेने.

"बाबा, स्टॉप! दे आर प्रेइंग!" मुलगी ओरडली.

ते चौकाच्या मधोमध थांबले. सगळं गाव बघत होतं. मुलगी माझ्याकडे वळली. "काका, मी बलूनमध्ये नाही जाणार. नॉट विथ हिम." आणि ती गाडीकडे चालू लागली.

गावातल्या एक आजी पुढे आल्या. त्यांनी अध्यक्षांचा दंड धरला. आता गचांडी मिळणार, असं वाटून आम्हीही मागोमाग गेलो. आजींनी त्यांना आपल्या घरात नेऊन जेवायला बसवलं, आम्हालाही. सणाच्या दिवशी तिथे आलेल्या पाहुण्याला जेवू घालतात: लाल मिरचीचा रस्सा, भट्टीतला पाव. एक पंगत उठली की दुसरी बसते. जेवण झालं आणि अध्यक्षांचा हात खिशाकडे गेला.

"जस्ट टू वर्ड्स..."

"नो," आजी म्हणाल्या. "पीपल आर वेटिंग."

अध्यक्षांनी दाराकडे पाहिलं. भुकेली माणसं उभी होती. भाषण नको म्हटलेलं त्यांना कधीच कळलं नव्हतं, पण पंगत कळत होती. त्यांनी बाह्या सारल्या आणि उष्टी ताटं उचलायला सुरुवात केली. आजींनी जरा वेळ पाहिलं आणि पावाची टोपली त्यांच्या हातात दिली. दोन तास ते वाढत होते, ताटं धुत होते. तोंडातून अवाक्षर नाही, आग्रहसुद्धा मुकाट्याने. मला तिसरा पाव बसला तो असाच.

मुलगी बोलावायला आली आणि दारातच थांबली. बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होती. मग आत आली, फडकं घेतलं आणि त्यांनी धुतलेली ताटं पुसू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्बुकर्कीला थंडी मी म्हणत होती. आम्ही बलूनपाशी उभे होतो आणि अध्यक्ष एकटेच टोपलीत चढत होते. तेवढ्यात ती पळत आली. "मूव्ह ओव्हर, बाबा."

पुढच्या वसंतात ते अचानक गेले. आम्ही त्यांची इतकी थट्टा केली, याचं मला आजही वाईट वाटतं. भाषणं तर एकही आठवत नाही. आठवते ती वर चाललेली टोपली. मुलगी हात लांब करून काहीतरी दाखवत होती, सारखी बोलत होती. आणि अध्यक्ष ऐकत होते.