दोरीपलीकडची लेक

परदेशातून लेकीला सोबत घेऊनच आम्ही परतलो. विमानतळावर आम्ही दोघं भारतीयांच्या रांगेत आणि ती दोरीपलीकडे, परदेशी नागरिकांच्या. गेल्याच वर्षी तिनं तिकडचं नागरिकत्व घेतलं.

"अगं, ये की इकडे!" बायकोनं सवयीनं हाक मारली.

"आई, मी आता पाहुणी!" लेक हसली.

देशांच्या सीमा आता नावापुरत्याच उरल्यात, असं मी दिवाळीच्या फराळावर ठणकावून सांगत असतो. इथे कमरेएवढी दोरी मला ओलांडवेना.

शेजारच्या खिडकीतल्या अधिकाऱ्यानं तिला विचारलं, "किती दिवस राहणार?"

अख्ख्या प्रवासात आम्हाला जे विचारायचा धीर झाला नव्हता, ते सरकारनं सहज विचारलं.

"दहा दिवस."

बायको हळूच म्हणाली, "अहो, साहेबांना सांगून बघा ना, महिन्याचा शिक्का मारा म्हणावं."