तळाच्या पाण्याचे मामा

गेल्या, म्हणजे शहाण्णव सालच्या डिसेंबरात, सांगलीतल्या एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या आत्याच्या यजमानांवर अन्याय झाला. तो मी केला. एरवी आमच्या पर्यावरण गटाची पत्रकं लिहिताना आम्ही अन्याय करणाऱ्याला पहिल्याच ओळीत उभं करतो, मग इथं मला वेगळा नियम कशाला? आता ज्यांच्यावर तो झाला त्यांच्याविषयी. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे ठेवून बिनघोर जगणाऱ्या आमच्या सांगली-मिरज-कुपवाडात समुद्राच्या तळाची रोज काळजी वाहणारा माणूस एकच, तो म्हणजे आमचे मामा.

मामा शिराळ्याकडचे. तिघे थोरले भाऊ फौजेत; हे एकटेच जहाजावर गेले, तेही तोफांच्या नव्हे, समुद्राचं पाणी तपासणाऱ्या. पोलादी दोराला बाटल्या बांधून तीन-चार किलोमीटर खोल सोडायच्या आणि तिथलं पाणी भरून वर ओढायचं, त्या यंत्रावर त्यांची नेमणूक. सुट्टीला आले की थोरले भाऊ पारावर चारचौघांत विचारायचे, "काय रं, सरकार तुला बाटल्या दर्यात टाकायचा पगार देतंय व्हय?" मामा शांतपणे सांगायचे, "रिकाम्या टाकतो, भरून काढतो." "मग लय भारी नोकरी हाय की गड्या." सगळा पार हसायचा. मामाही हसायचे, कारण त्यांनी जे पाहिलं होतं ते त्या पारावर कुणालाच ठाऊक नव्हतं. विषुववृत्ताजवळ, डेकवर अनवाणी पाय टेकवत नाही अशा उन्हात, तळातून आलेल्या बाटलीतलं उरलेलं पाणी त्यांनी हातावर घेतलं होतं आणि बर्फाला हात लागल्यासारखा झटकला होता. एवढ्या उन्हात हे गार कुठून, असं त्यांनी जहाजावरच्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, दक्षिण ध्रुवाकडे थंडीनं बुडालेलं पाणी आहे, तळातून सरकत इथवर यायला शेकडो वर्षं लागली असतील. मामांना धक्का बसला तो बसलाच. नोकरी संपली, धक्का संपला नाही.

तेव्हापासून मामांना कुठलंही पाणी नुसतं पाणी म्हणून दिसत नाही. आंघोळीच्या बादलीत आत्या आधी गार आणि वरून कढत पाणी ओतते, आणि ते ढवळायला मामांची सक्त मनाई. वरचं कढत, मधलं कोमट, खालचं गार, असे तीन थर तांब्यानं उपसत ते तीन हवामानांत आंघोळ करतात. लग्नात पाण्याचं पिंप दिसलं की शर्टाची बाही खांद्यापर्यंत सारून तळाला हात घालून बघतात. एका लग्नात नवरीच्या काकांनी त्यांना यावरून पंक्तीतून उठवलं होतं. शेतकरी पाहुणे पावसाचं विचारतात तेव्हा त्यांचं उत्तर ठरलेलं: "आमी खालच्या मजल्याची मानसं. वरचं वरच्यांना इचारा." आणि घरात कशालाही "कधी?" विचारलं की मामांचा हिशेब तळाच्या पाण्याच्या वेगानं चालतो. हे पाणी जगाला फेरा मारून यायला हजारेक वर्षं घेतं म्हणे. आत्या म्हणते, "आवं, तुमची हजार वर्सं ऱ्हाऊ द्या, गॅसचा सिलिंडर कवा आणताय?"

निवृत्तीनंतर मामा कुपवाडच्या एका बर्फ कारखान्यात लागले. ही नोकरी त्यांनी धरली ती केवळ लादीच्या पोटासाठी. बर्फाची लादी कडेनं काचेसारखी असते आणि मधोमध पांढरट रेघ असते. गिऱ्हाईक लादी सायकलला बांधत असलं की मामा त्याला थांबवणार. "ही रेघ बघा. पानी गोठतं तवा खार आत ठेवत न्हाई, ढकलत ढकलत मधी नेतंय. ध्रुवाकडं समुद्र गोठतो तवा बी मीठ असंच भाईर पडतंय. उरलेलं पानी गार बी आन खारट बी, म्हंजे जड. जड झालं की बुडालं. मग त्याच्या जागी वरनं उबदार पानी तिकडं जातंय, तिथली हवा उबवतंय, आन गार हून त्ये बी बुडतंय." एकदा एक मासेवाली पाऊण तास हे ऐकत उभी राहिली आणि शेवटी म्हणाली, "समदं पटलं दादा, पर माजी लादी निम्मी ऱ्हायली." मामांनी तिला दुसरी लादी दिली आणि पाणी झालेल्या निम्म्या लादीवर आणखी पाच मिनिटं सांगितलं.

त्यांचं म्हणणं साधं आहे. हा फेरा मंदावला तर कुठं थंडी वाढेल, कुठं ऊन, आणि पाऊस नेमका कुठं सरकेल ते त्यांनाही सांगता येत नाही. ध्रुवाकडचा बर्फ फार वितळला तर गोडं पाणी वर तरंगत राहील आणि बुडणारं पाणी बुडायचं कमी होईल. आणि आपल्या धुरानं साठलेली गरमीही हेच पाणी पोटात घेऊन खाली जातंय, म्हणून आपल्याला अजून चटका कमी बसतो. "कमी बसतोय म्हंजे बसत न्हाई असं न्हवं पोरी," ते मला म्हणाले होते. मी त्यातलं फक्त "गरमी" उचललं आणि आमच्या पत्रकात छापलं.

प्रदर्शनात आमच्या पर्यावरण गटाचा गाळा होता, आणि मामांना तिथं मीच बोलावलं. त्यांनी महिनाभर खपून तयारी केली. माशांची जुनी काचेची टाकी, एका टोकाला वर दिवा, दुसऱ्या टोकाला बर्फात ठेवलेली निळ्या खाऱ्या पाण्याची बाटली, आणि तिला मिरजेच्या दवाखान्यातनं आणलेली सलाईनची नळी. आठ वाजता त्यांनी नळीचं चाक सैल केलं. थेंब, थेंब. निळं पाणी तळाशी गेलं आणि चादरीसारखं पसरायला लागलं. एक वाजेपर्यंत ते दिव्याखाली चढून जुनं पाणी वर ढकलणार होतं. तोवर मामा स्टुलावर बसून राहणार होते.

प्रदर्शनाचे प्रमुख पाहुणे अकरा वाजून दहा मिनिटांनी आले, बरोबर फोटोग्राफर. तळाशी दोन बोटं निळं होतं. पाहुणे वाकले. "ताई, यात बघायचं काय? पाणी तर हलत नाही." मामांनी सांगितलं, "हलतंय साहेब. बसा वाईच." पाहुणे हसले, फोटोग्राफरनं कॅमेरा खाली केला, आणि मी टेबलावरची पट्टी घेऊन पाणी ढवळलं. टाकी क्षणात निळीशार. टाळ्या पडल्या, फोटो निघाला.

मामांनी अंगठ्यानं नळीचं चाक बंद केलं. "आता ह्यात काय बी दिसनार न्हाई पोरी," एवढंच म्हणाले. मग बादल्या भरभरून ते पाणी शाळेच्या बागेपलीकडच्या गटारापर्यंत वाहून नेलं. खारं पाणी झाडांना नको म्हणून. मी मदतीला गेले तर म्हणाले, "तू पत्रकं वाट."

नंतर ते बोलायचेच थांबले. कारखान्यात कुणी रेघेबद्दल विचारलं तर "आसतं तसं" म्हणायचे. पंधरा दिवसांनी आत्याचा निरोप आला म्हणून मी गेले. ती दारातच कुजबुजली, "सिलिंडर इचारला तर म्हंतात उद्या आणतो, आन आणतात गं. आंघोळीचं पानी बी ढवळून घेतात. मला भ्या वाटतंय."

मी माफी मागायला कारखान्यात गेले, हातात नवं पत्रक घेऊन. मामांनी ते चष्मा लावून पुरं वाचलं. "पाच वर्सांत समदं जळंल, असं कुनी सांगितलं?"

"लोक जागे व्हायला पाहिजेत ना मामा."

"आन सहावं वर्स सरळ गेलं तर? परत झोपतील. मग तुला कोन इचारनार?" पत्रकाची घडी घालून त्यांनी ते मला परत दिलं. "ह्ये हळू चालतंय म्हनूनच भ्या हाय. आज बुडालेली गरमी वर यील तवा तू न्हाईस, मी न्हाई."

मी विचारलं, टाकी पुन्हा लावाल? ते म्हणाले, तू बसशील? मी बसले. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या आवारात पोत्यावर, आठ ते एक. पहिला तास मी घड्याळ बघितलं, दुसऱ्या तासाला मला मामांचा राग आला. तिसऱ्यात कधीतरी राग गेला आणि निळ्याची कड दिसली: दिव्याखाली, काचेवर मी आठ वाजता पेनानं केलेल्या खुणेच्या केसभर वर. ती हलताना दिसत नव्हती, पण हलली होती. मामा माझ्याकडे बघत होते, टाकीकडे नाही. त्यांची मान आता जरा थरथरते, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

ते म्हणाले, दहा माणसं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसणार असतील तर पुन्हा लावीन, न्हाईतर टाकी मासे पाळणाऱ्याला देऊन टाकतो. येतील असं त्यांना वाटत नाही. त्यांनी टाकी पुसून तिला गिऱ्हाईकही बघितलंय. मी गेले तीन आठवडे घरोघर फिरतेय. सह्या द्यायला सगळे तयार आहेत, पाच तास द्यायला सहा जण. चार कमी आहेत. येत्या रविवारी सकाळी आठला कुपवाडच्या बर्फ कारखान्यात या, आणि एकच्या आत उठू नका.